महामारीतील तरुणांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास मराठवाड्यात कसा करावा

महामारीने तरुणांच्या मनावर काय परिणाम केला, हा प्रश्न मराठवाड्यातील समाजकार्य, मानसशास्त्र आणि समाजवैद्यकाच्या अनेक विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी घ्यावासा वाटतो, आणि तो घेण्याजोगाही आहे. मात्र परिणाम झाला असे म्हणायचे तर आधीची स्थिती ठाऊक असावी लागते, आणि नेमकी तीच आपल्याकडे नोंदलेली नाही. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले होते. हा आकडा उचलून जालन्याच्या आपल्या आकड्यातून वजा करायचा आणि उरलेली वाढ कोरोनाच्या नावावर टाकायची, अशी मांडणी पुष्कळ प्रबंधांत दिसते. ती ग्राह्य नाही. तिथे प्रशिक्षित व्यक्तींनी निदानाच्या निकषांवर मुलाखती घेतल्या होत्या, आपण बहुधा नऊ प्रश्नांची चाळणी, म्हणजे लक्षणांचा फक्त प्राथमिक अंदाज देणारी प्रश्नावली, वापरलेली असते, आणि चाळणीत सापडणाऱ्यांची संख्या निदान होणाऱ्यांपेक्षा स्वभावतःच जास्त असते.

दुसरी अडचण या भूभागाची आहे. इथे महामारी कोऱ्या पाटीवर आली नाही. २०१२-१३ चा दुष्काळ, त्यानंतर २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तो उन्हाळा, कर्ज, ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली उचल, स्थलांतर हे सारे आधीपासून होते; आणि ऑक्टोबर २०२० मध्ये, टाळेबंदी सैल होत असतानाच, अतिवृष्टीने काढणीला आलेले सोयाबीन शेतात कुजले. त्या महिन्यात हिंगोलीच्या एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलाची झोप उडाली असेल, तर ती कोणत्या कारणाने, हे त्याला स्वतःलाही वेगळे करून सांगता येणार नाही. म्हणून अभ्यासाची आखणीच अशी असावी की कारणे निदान काही अंशी वेगळी करता येतील.

प्रश्न लहान करावा

‘मराठवाड्यातील तरुण’ हा अभ्यासगट नव्हे. आठ जिल्हे, शहर आणि तांडा, मुलगे आणि मुली, शिकणारे आणि शाळा सुटलेले यांना महामारी वेगवेगळी भेटली. त्यातला एक गट निवडावा आणि त्या गटातच तुलनेची सोय आहे का, हे आधी पाहावे.

उदाहरणार्थ, २०२१ मध्ये राज्य मंडळाची दहावीची आणि बारावीचीही परीक्षा रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. लातूर किंवा नांदेडच्या शिकवणी वर्गांत वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या त्या तुकडीची तुलना त्याच महाविद्यालयातून दोन वर्षे आधी परीक्षा देऊन बाहेर पडलेल्या तुकडीशी करता येते, फक्त दोन तुकड्यांतील वयाचा फरक विश्लेषणात ध्यानात घ्यावा लागतो. स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांचा गट आणखी वेगळा आहे. राज्यसेवा पूर्वपरीक्षा वारंवार पुढे ढकलली गेली आणि शेवटी मार्च २०२१ मध्ये झाली. अभ्यासिकेचे भाडे, गावाकडून येणारे पैसे आणि सरत चाललेली वयोमर्यादा यांचा ताण त्या मुलांच्या बोलण्यात सर्वांत आधी येतो, विषाणूची भीती नंतर.

मला सर्वांत अभ्यासयोग्य वाटतो तो ऊसतोड कामगारांच्या मुलांचा गट. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा बीड जिल्ह्यातील हजारो कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या परिसरात अडकले होते. एप्रिलच्या मध्यानंतर शासनाने परतीची परवानगी दिली. काही मुले आई-वडिलांबरोबर उसाच्या फडावर होती, काही आजी-आजोबांपाशी गावात राहिली होती, काही हंगामी वसतिगृहात होती. एकाच वाडीतील, एकाच आर्थिक स्थितीतील, कधी एकाच घरातील ही मुले आहेत. दुष्काळ, कर्ज आणि अतिवृष्टी सर्वांना सारखीच होती. टाळेबंदीचे ते आठवडे मात्र सारखे नव्हते. इतकी चांगली तुलना प्रयत्नपूर्वक घडवूनही मिळत नाही.

महामारी चालू असताना करायचा अभ्यास आणि ती ओसरल्यावर करायचा अभ्यास यांतही फरक करावा. पहिल्यात आजची मनःस्थिती मोजता येते, पण माणसापर्यंत पोहोचणे अवघड असते. दुसऱ्यात पोहोचणे सोपे, पण हाती येते ती आठवण, आणि आजची मनःस्थिती त्या आठवणीला रंग देते. आता हा विषय घेणाऱ्यांनी आपण दुसऱ्या प्रकारचा अभ्यास करत आहोत, हे शीर्षकातच स्पष्ट करावे.

कोणाला विचारायचे

२०२० आणि २०२१ मध्ये झालेले असंख्य विद्यार्थी-अभ्यास गूगल फॉर्मवर झाले. व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवायचा, तो पुढे पाठवायला सांगायचे आणि दोन-तीनशे उत्तरे जमली की टक्केवारी काढायची. यात उत्तर देतो तो स्वतःचा फोन असलेला, त्यात डेटा असलेला आणि असा फॉर्म भरण्याची उमेद शिल्लक असलेला तरुण. असर या शैक्षणिक स्थितीच्या वार्षिक पाहणीच्या २०२० मधील दूरध्वनी सर्वेक्षणात देशातील ग्रामीण भागात शाळेत नोंदलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. म्हणजे पाचांपैकी सुमारे दोघांच्या घरात तो नव्हताच, आणि ज्या घरात होता तिथेही तो बहुधा वडिलांच्या किंवा भावाच्या खिशात होता. ज्यांच्यावर सर्वाधिक आघात झाला असण्याची शक्यता आहे तेच अशा अभ्यासातून गळतात.

त्यामुळे नमुना यादीवरून निवडावा. शिकणाऱ्यांसाठी शाळेचे जनरल रजिस्टर पुरते. शाळा सुटलेल्यांसाठी आशाताईंची आणि अंगणवाडीची कुटुंबनोंदणी वापरावी, आणि महसुली गावाच्या यादीत वेगळ्या न दिसणाऱ्या वस्त्या व तांडे स्वतः फिरून जोडून घ्यावेत. २०२० पूर्वीच्या शाळेच्या यादीवरून नावे निवडली तर त्या काळात शाळा सोडलेली मुलेही यादीत राहतात. आजच्या हजेरीपटावरून निवडली तर ती आपोआप वगळली जातात. हा एक निर्णय पुढच्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

नमुन्याचा आकार ठरवताना ‘शंभर पुरेत’ असे मार्गदर्शकाने सांगितले म्हणून शंभर घेऊ नयेत. लक्षणांचे प्रमाण अंदाजे २० टक्के असेल आणि पाच टक्क्यांपर्यंतची चूक चालणार असेल, तर चार गुणिले वीस गुणिले ऐंशी भागिले पंचवीस, म्हणजे २५६ जण लागतात. पण एकाच शाळेतील मुले एकमेकांसारखी असतात, म्हणून शाळा किंवा गाव निवडून त्यातून मुले घेतल्यास ही संख्या साधारण दुप्पट, ५१२, धरावी. आणि शंभरातील पंधरा जण सापडणार नाहीत किंवा नकार देतील असे मानले, तर सहाशेहून थोड्या अधिक जणांपर्यंत पोहोचण्याची तयारी ठेवावी. एवढे शक्य नसेल तर प्रमाण मोजण्याचा हट्ट सोडून वीस-पंचवीस सखोल मुलाखती घ्याव्यात. तो कमी दर्जाचा अभ्यास नव्हे. अर्धवट सर्वेक्षणापेक्षा तो पुष्कळदा अधिक सांगून जातो.

क्षेत्रकामाचे महिने पिकांचे आणि हंगामाचे वेळापत्रक पाहून ठरवावेत. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील अनेक वाड्या ऊसतोडीमुळे निम्म्या रिकाम्या होतात. जून ते सप्टेंबर हा काळ त्यातल्या त्यात बरा.

कशाने मोजायचे

नैराश्याच्या लक्षणांसाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ ही साधने सर्वाधिक वापरली जातात. पहिल्यात नऊ प्रश्न आणि शून्य ते २७ गुण, दुसऱ्यात सात प्रश्न आणि शून्य ते २१ गुण. दोन्हींत मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारले जाते आणि दहा किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी सुचवली जाते. शाळकरी वयासाठी पंचवीस विधानांची एसडीक्यू प्रश्नावली अधिक सोयीची आहे, कारण तिच्यात भावनांबरोबर वर्तन, चंचलता, मित्रसंबंध आणि इतरांना मदत करण्याची वृत्ती हेही येते आणि पालक व शिक्षक यांच्यासाठी तिचे वेगळे नमुने आहेत. ही सर्व साधने चाळणीची आहेत. ‘४२ टक्के विद्यार्थी नैराश्यग्रस्त’ असे वाक्य त्यांच्या आधारे लिहिता येत नाही. ‘४२ टक्के विद्यार्थ्यांना दहा किंवा अधिक गुण मिळाले’ असे लिहावे लागते.

दोन आठवड्यांबद्दल विचारणारे साधन हाती घेऊन ‘लॉकडाऊनमध्ये कसे वाटत होते’ असे विचारणाऱ्यांची संख्या कमी नाही. तसे करू नये. आजची स्थिती प्रश्नावलीने मोजावी आणि त्या काळासाठी घटनांचे कॅलेंडर वापरावे. एका कागदावर मार्च २०२० पासूनचे महिने आखावेत आणि उत्तर देणाऱ्याबरोबर बसून त्यावर खुणा कराव्यात: दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला तो महिना, घरचे फडावरून परतले तो, सोयाबीन गेले तो, नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे वर्ग अनेक ठिकाणी उघडले आणि पुन्हा बंद झाले ते, एप्रिल-मे २०२१ ची दुसरी लाट, ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या शाळा सुरू झाल्या तो दिवस, बहिणीचे लग्न, आजोबांचे जाणे. अशा खुणांमधून माणूस आठवू लागतो, आणि कोणता त्रास कोणत्या घटनेच्या आधी सुरू झाला, हे पुष्कळदा त्याच कागदावर दिसते.

प्रश्नावलीचे स्वतः भाषांतर करण्याआधी प्रमाणित मराठी आवृत्ती उपलब्ध आहे का, ते पाहावे. असली तरी ती छापील मराठीत असते, म्हणून दहा-बारा तरुणांना प्रत्येक प्रश्न वाचून दाखवावा आणि ‘यात काय विचारले आहे, तुझ्या बोलीत सांग’ असे म्हणावे. मुले ‘टेन्शन आलं’, ‘डोकं जड पडतं’, ‘कशातच मन लागंना’ असे सांगतात. मुली पोटात गोळा येणे, छातीत धडधड होणे याबद्दल अधिक बोलतात. हे ऐकून मूळ प्रश्नांत फेरफार करण्याचा मोह होतो, पण मग गुणांची तुलना इतर कोणत्याही अभ्यासाशी करता येत नाही. मूळ प्रश्न तसेच ठेवावेत, समजावून सांगण्याची वाक्ये सर्व मुलाखतकारांसाठी एकच लिहून द्यावीत आणि अंगदुखी, झोप, गुटखा, रात्रभर चालणारे मोबाइलवरचे खेळ यांबद्दलचे स्थानिक प्रश्न वेगळ्या भागात जोडावेत.

नववा प्रश्न आणि त्याची जबाबदारी

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरण बरे वाटण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो गाळून आठच प्रश्न वापरणारी आवृत्ती आहे आणि ज्यांच्याकडे पुढची व्यवस्था नाही त्यांनी तीच वापरावी. तो प्रश्न विचारल्याने मुलाच्या मनात तसा विचार येतो, ही समजूत मात्र खरी नाही. खरा धोका असा की विचारून, उत्तर मिळवून, संशोधक कागद पिशवीत टाकून निघून जातो आणि तो कागद तीन महिन्यांनी संगणकात आकडे भरताना उघडला जातो.

म्हणून पहिली मुलाखत घेण्याआधी पुढील गोष्टी लेखी ठरलेल्या असाव्यात. नवव्या प्रश्नाचे उत्तर जागेवरच पाहिले जाईल. ते शून्याहून अधिक असेल तर मुलाखतकार शांतपणे आणखी काही प्रश्न विचारेल: विचार कधीपासून येतात, काही ठरवले आहे का, आधी कधी प्रयत्न झाला होता का, घरात कोणाला सांगता येईल. धोका तातडीचा वाटला तर त्या व्यक्तीला एकटे सोडले जाणार नाही आणि तिच्या विश्वासातील एका प्रौढाला तिच्या समक्ष सामील करून घेतले जाईल. कोणाकडे पाठवायचे, हेही नावानिशी ठाऊक असावे: जिल्हा रुग्णालयातील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर किंवा अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा. त्या पथकाला आधी जाऊन भेटावे, त्यांचे बाह्यरुग्ण विभागाचे दिवस विचारावेत आणि आपल्याकडून काही मुले येतील, याची कल्पना द्यावी. गावापासून तिथवर जायला लागणारे एसटीचे भाडे अभ्यासाच्या अंदाजपत्रकात धरलेले असावे. ही तरतूद मी क्वचितच पाहिली आहे, आणि ती नसेल तर चिठ्ठी देऊन पाठवणे ही निव्वळ औपचारिकता ठरते.

संमतीचे नियम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहेत. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि त्याखेरीज मुलाची स्वतःची तयारीही लागते. सात ते बारा वयात ती तोंडी, बारा ते अठरा वयात लेखी. पालकांनी हो म्हटले आणि मुलगी गप्प राहिली, तर ते नाही समजावे. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी क्षेत्रकामाआधी घ्यावी लागते, हे वेगळे सांगायला नको.

गुप्ततेचे आश्वासन देताना मात्र फार मोठा शब्द देऊ नये. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक अत्याचार समजल्यास तो कळवणे बंधनकारक आहे, आणि जीव धोक्यात असेल तर गप्प राहता येत नाही. या दोन मर्यादा संमतीपत्रात आणि तोंडीही, मुलाखत सुरू होण्याआधी, सोप्या मराठीत सांगाव्यात, म्हणजे किती सांगायचे ते समोरच्याला ठरवता येते.

बालविवाहाचा प्रश्न आपल्या भागात टाळून चालत नाही. महामारीच्या आधी, २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते, आणि परभणी व बीड जिल्ह्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक होते. शाळा बंद झाल्यावर काय झाले, हे विचारायला गावात शिरताना आपण बहुतेक वेळा ग्रामसेवकाला किंवा अंगणवाडी सेविकेला बरोबर घेतो. पण गावपातळीवर ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांच्या साहाय्यक असतात. त्यांच्यासमोर त्या घरात मुलीचे वय अठराच सांगितले जाणार. ओळख करून देऊन त्यांनी परत जावे, हे आधीच विनंतीपूर्वक ठरवून घ्यावे.

फोनवरची मुलाखत

पुन्हा कधी घराबाहेर पडणे बंद झाले तर फोनशिवाय मार्ग उरणार नाही, म्हणून त्याची रीत माहीत असावी. फोन घरातल्या पुरुषाकडे असतो आणि तो बहुधा स्पीकरवर असतो. पहिला फोन फक्त ओळख, पालकांची संमती आणि वेळ ठरवण्यासाठी करावा. दुसऱ्या फोनला सुरुवातीलाच ‘जवळ कोणी आहे का’ असे विचारावे, आणि कोणी आल्यास विषय बदलण्यासाठी अभ्यासाबद्दलचे एखादे साधे वाक्य ठरवून ठेवावे; मुलाने किंवा मुलीने ते उच्चारताच मुलाखतकाराने शाळा, पुस्तके, पाऊसपाणी यांकडे वळावे. संवेदनशील प्रश्न अशा रीतीने मांडावेत की उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा आकड्यात देता येईल आणि शेजारी बसलेल्याला त्यातून काही कळणार नाही. मुलींशी बोलणाऱ्या मुलाखतकार स्त्रियाच असाव्यात. वीस-पंचवीस मिनिटांपलीकडे फोन नेऊ नये, आणि दुःखाच्या प्रश्नावर तो कधी संपवू नये.

मुलाखतकारांकडेही पाहावे. तेही त्याच वयाचे, त्याच जिल्ह्यातले असतात, आणि दिवसात अशा चारच कहाण्या ऐकल्या तरी रात्री त्या मनातून जात नाहीत. आठवड्यातून एकदा अनुभवी समुपदेशकाबरोबर सर्वांनी बसावे.

ज्यांचे आई-वडील कोरोनाने गेले, त्या मुलांची यादी महिला व बालविकास विभागाकडे असते, कारण दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी शासनाने जून २०२१ मध्ये पाच लाखांच्या ठेवीची योजना आणली. ती यादी मागू नये. विभागामार्फत कुटुंबांना निरोप जावा आणि ज्यांना बोलायचे आहे त्यांनीच संपर्क करावा.

लिहिताना

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे विद्यार्थी आत्महत्यांचे आकडे प्रस्तावनेत हमखास येतात: २०१९ मध्ये १०,३३५, २०२० मध्ये १२,५२६ आणि २०२१ मध्ये १३,०८९. ते द्यावेत, पण ते पोलिसांच्या नोंदीवर आधारलेले आहेत, कारणाचा रकाना तपास अधिकारी भरतो आणि या संख्या आहेत, दर नव्हेत, हेही त्याच परिच्छेदात द्यावे. टाळेबंदीशी त्यांचा संबंध या तीन आकड्यांवरून सिद्ध होत नाही. आत्महत्येची पद्धत आणि तपशील प्रबंधातही लिहू नयेत.

निष्कर्षात किती जण सापडले नाहीत, किती जणांनी नकार दिला आणि ते कोण होते, हे ठळकपणे यावे. मुले आणि मुली यांचे आकडे वेगळे द्यावेत. उद्धृते निवडताना गावाचे नाव बदलणे पुरत नाही. ‘सोळाव्या वर्षी लग्न झालेली, वडील मुकादम असलेली, दहावीत पहिली आलेली मुलगी’ एवढे वर्णन त्या तालुक्यात कोणालाही ओळखू येते. यातील निदान दोन तपशील गाळावेत किंवा बदलावेत. गावात निष्कर्ष सांगायला जाताना एकट्या त्या गावाचे आकडे सांगू नयेत, अनेक गावांचे एकत्र सांगावेत. नावे आणि उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी, कुलूपबंद ठेवावीत, आणि दोघांना जोडणारी सांकेतिक क्रमांकांची यादी नैतिकता समितीने मंजूर केलेली मुदत संपताच नष्ट करून तसे समितीला लेखी कळवावे.